लॅमिंग्टन रोडवरचं रिपेअरिंगचं दुकान आणि लिनक्स टाकल्यावर सुरूच न होणारा आईचा पीसी

दुकानाचं नाव लिहीत नाहीये कारण दुकानवाल्या काकांनीच नको म्हणून सांगितलं, एकटा माणूस आहे, फोन घेत बसलो तर टेबलावरची कामं पडून राहतात म्हणाले. पण रिव्ह्यू लिहायचाच होता कारण दोन आठवडे जो पीसी मेला म्हणून आम्ही धरून चाललो होतो तो तिथे दीड तासात सुरू झाला, आणि का बंद होता तेही मला नीट कळलं.

पीसी आईचा. २०१० मध्ये असेंबल केलेला, कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. आई दहावीच्या शिकवण्या घेते, तिच्या सगळ्या प्रश्नपत्रिका डी ड्राइव्हमध्ये. विंडोज सेव्हन होतं, त्याचा सपोर्ट २०२० च्या जानेवारीतच संपला, क्रोम पण १०९ व्हर्जननंतर अपडेट होईना, म्हणून मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, तिचं २१.३ चं एक्सएफसीई व्हर्जन, टाकायचं ठरवलं, जुन्या मशीनला हलकं पडतं म्हणून. रूफस नावाच्या प्रोग्रामने इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवला, प्रश्नपत्रिकांची कॉपी आधी दुसरीकडे काढून ठेवली, डी ड्राइव्हला हात लावायचा नव्हता म्हणून इन्स्टॉल करताना 'समथिंग एल्स' (कुठला ड्राइव्ह वापरायचा ते स्वतः निवडायचा पर्याय) घेऊन फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट केला. इन्स्टॉल झालं, पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा असं आलं, मी न काढताच एंटर दाबलं, मिंट सुरू झालं, आईला दाखवलं, ती पण खूश. रात्री बंद करताना पेनड्राइव्ह काढून घेतला आणि सकाळी आईने चालू केला तर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ, 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टीम'.

आधी डोंबिवलीतच एका दुकानात नेला. तिथे पाच मिनिटं बघितलं आणि हार्डडिस्क गेली, नवीन एसएसडी, परत विंडोज, बोर्ड पण जुना आहे त्यामुळे गॅरंटी नाही, साडेसहा हजार. डेटा काढायचे वेगळे. पेनड्राइव्हचं काही विचारलंच नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. आईचा चेहरा इतका उतरला की मी त्यांना हो नाही काहीच न बोलता कॅबिनेट उचलून घरी आणलं.

मग ऑफिसमधल्या एकीने या काकांचं सांगितलं. कॅबिनेट रिक्षात, मग लगेजच्या डब्यातून दादर, तिथून ब्रिज चढून वेस्टर्नला, स्लो पकडून ग्रँट रोड. ईस्टला उतरून चालत जायचं. दुकान जुन्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना लाकडी आणि अरुंद, मोठं कॅबिनेट असेल तर बरोबर कोणालातरी न्या, माझे हात भरून आले होते.

काकांनी कॅबिनेट उघडायच्या आधी मला बसवून विचारलं, ताई, शेवटचा चालला तेव्हा पेनड्राइव्ह लावलेला होता का? मी म्हटलं हो. मग मॉनिटर जोडून ती ओळ बघितली आणि म्हणाले, हा मेसेज लिनक्सचा नाहीच. विंडोजचं जुनं बूट कोड, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, हार्डडिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे एमबीआरमध्ये, अजून तसंच बसलंय, ते सी ड्राइव्हमध्ये विंडोज शोधतंय आणि सापडत नाही म्हणून ओरडतंय. म्हणजे डिस्क वाचली जातेय, मेली असती तर हा मेसेज आलाच नसता. मिंट सुरू करून देणारा जो ग्रब असतो त्याचं काही बिनसलं असतं तर 'ग्रब रेस्क्यू' असं काहीतरी आलं असतं. मला हे ऐकून इतकं हायसं वाटलं की तिथेच आईला फोन केला.

मग त्यांनी स्वतःच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह मिंट (हार्डडिस्कवर न टाकता तसंच चालणारं) चालू केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून एकेक दाखवलं. आईच्या प्रश्नपत्रिका जागच्या जागी. मी टाकलेलं मिंट पण अख्खं सी ड्राइव्हमध्ये. हार्डडिस्कची तब्येत दाखवणारी स्मार्ट टेस्ट काढली, रीअलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागा, शून्य. चूक झाली होती ती इन्स्टॉलच्या वेळी, 'समथिंग एल्स'च्या स्क्रीनवर खाली एक छोटा बॉक्स असतो, बूटलोडर, म्हणजे हा ग्रब, कुठे टाकायचा त्याचा, तिथे मी एसडीए ठेवलं होतं, लिनक्स प्रत्येक डिस्कला असं नाव देतं. माझ्या डोक्यात एसडीए म्हणजे हार्डडिस्क. पण या बोर्डवर त्या वेळी पेनड्राइव्ह एसडीए झाला होता आणि हार्डडिस्क एसडीबी, म्हणजे ग्रब गेला पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह लावला की मिंट चालणार, काढला की नाही. काका म्हणाले त्या बॉक्समध्ये नावावर जाऊ नका, साइज बघा, ५०० जीबीवाली तीच हार्डडिस्क, हे मी वहीत लिहून घेतलंय.

दुरुस्ती म्हणजे मिंटचं पार्टिशन (हार्डडिस्कचा तो भाग) माउंट करून, म्हणजे वापरायला जोडून घेऊन, ग्रब-इन्स्टॉलची एक कमांड हार्डडिस्कवर चालवली, एवढंच. मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर मेनूमध्ये 'बूट रिपेअर' असतं, घरी कोणाला करायचं असेल तर त्यानेही होतं म्हणाले, पण आधी बाकीचे पेनड्राइव्ह काढून ठेवा.

माझ्या दृष्टीने काम झालं होतं, मी पैसे काढायला लागले, तर त्यांनी भिंतीतला प्लग काढला आणि दहा मिनिटं तसंच ठेवलं. परत लावलं तर 'सीमॉस चेकसम एरर', एफ-वन दाबा. आता हे आई गेलं वर्षभर रोज सकाळी करत होती! एफ-वन दाबायचं आणि पुढे जायचं, आम्हाला वाटायचं जुना झालाय म्हणून असं करतो. बोर्डवरचा सेल संपला होता, तो सीआर २०३२ चपटा सेल असतो तो. मीटरवर दोन व्होल्टच्या आसपास दाखवत होता, नवीन तीनचा असतो. सेल गेला की बायोसची (चालू करताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम) तारीख आणि बूटची ऑर्डर दोन्ही विसरली जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला सर्टिफिकेट चुकीचं म्हणून अडवतो. हे घरी जाऊन झालं असतं तर मी परत मिंट उडवून नव्याने टाकत बसले असते, नक्की.

एकूण ३९० रुपये घेतले, ३५० मजुरी आणि ४० चा सेल. एसएसडी टाकली तर फरक पडेल हे सांगितलं पण गळ्यात मारली नाही.

तक्रारी आहेत. बसायला एकच स्टूल, तेही सामानाने भरलेलं. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितल्यावर कागदावर लिहून दिलं, मला छापील हवं होतं कारण सेलला गॅरंटी किती ते कुठे लिहिलेलं नाही. रविवारी बंद, त्यामुळे सुट्टी टाकावी लागली. आणि नंबर लावायची पद्धत नाही, माझ्या मध्येच दोन जण लॅपटॉप घेऊन घुसले आणि काका त्यांच्याशी बोलत बसले, त्यात वीस मिनिटं गेली.

जाणार असाल तर मॉनिटर नेऊ नका, तिथे आहे. ज्याने इन्स्टॉल केलं तो पेनड्राइव्ह मात्र न्या, माझा घरी राहिला होता. आणि स्क्रीनवर जे येतं त्याचा फोटो काढून ठेवा, अक्षर न् अक्षर दिसेल असा.

तीन आठवडे झाले, रोज चालू होतोय, एफ-वन न दाबता. आईला इनस्क्रिप्टची (मराठी टायपिंगचा एक कीबोर्ड) सवय, ते मिंटमध्ये मराठी कीबोर्ड निवडल्यावर लगेच मिळालं, काल तिने सहामाहीचा भूमितीचा पेपर त्याच्यावरच टाइप केला.