चार भावंडं, एक रँच आणि वाटणीचा तिढा

अमेरिकेच्या पश्चिमेतल्या पशुपालक घराण्यांवरच्या प्रेमकादंबऱ्या सहसा मालिकेनंच येतात. जितकी भावंडं, तितकी पुस्तकं. प्रत्येकात एकाचं जमतं आणि मागे रँच, म्हणजे गुरं चारायची विस्तीर्ण जमीन, कोणाकडे राहणार हा तंटा धुमसत राहतो. प्रेमाची बाजू बहुतेक लेखिकांना साधते. मालिकेचा कस लागतो तो तंट्यात. बांध, सामायिक विहीर, सातबाऱ्यावरची नावं यांत मुरलेला मराठवाड्यातला वाचक तो चटकन पारखू शकतो.

आधी एकरांचा हिशेब बघावा. माँटाना-वायोमिंगच्या कोरड्या भागात एक गाय आणि तिचं वासरू वर्षभर जगवायला २५-३० एकर कुरण लागतं, कुठे त्याहून जास्त. म्हणजे १०,००० एकरांची रँच ऐकायला अफाट वाटली तरी तिच्यावर साडेतीनशे-चारशेच गायी निभतात. चौघांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला शंभरही येत नाहीत, आणि तेवढ्यात घरखर्च व बँकेचा हप्ता दोन्ही भागणं कठीण. तिथं वाटणी म्हणजे बहुधा रँच विकायलाच काढणं. हे ज्या लेखिकेला ठाऊक आहे, तिच्या पुस्तकात शहरातून परतलेली बहीण हिस्सा मागते तेव्हा थोरल्याची वाचा का बसते ते कळतं. नाहीतर तो नुसताच आडमुठा वाटतो.

मृत्युपत्राचा प्रसंगही आपल्याला खटकतो, पण तो खोटा नाही. आपल्याकडे वडिलोपार्जित जमिनीत मुलींना जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ला आणि देशभर २००५ला मिळाला. तिकडे असा जन्मसिद्ध हिस्सा नसतो. जवळपास सगळ्याच राज्यांत बाप सगळं एकाच लेकराच्या नावे करू शकतो. ‘सगळे वर्षभर रँचवर राहिलात तरच मिळेल’ ही लाडकी अट मात्र आता झिजली आहे.

पाण्याकडे चांगली लेखिका दुर्लक्ष करत नाही. १८६२च्या होमस्टेड कायद्यानं वस्ती करणाऱ्याला सरकारी जमिनीतले १६० एकर मिळायचे, तेव्हा ओढ्याकाठचे तुकडे लोकांनी आधी धरले. त्या राज्यांत पाण्यावर ज्यानं आधी हक्क लावला त्याचा पहिला नंबर. दुष्काळात जुन्या तारखेचा हक्क असलेल्याला पाणी मिळतं, नव्याचं बंद होतं. जायकवाडीसाठी वरच्या धरणांकडे डोळे लावून बसणाऱ्याला त्या तारखेचं मोल वेगळं सांगायला नको. शेजारच्या घराण्याशी पिढ्यांचं वैर असेल तर त्याचं मूळ इथं दाखवणारी मालिका सरस.

गाय विण्याचा प्रसंग हमखास असतो. वळू १५ जूनला कळपात सोडले तर साधारण २८३ दिवसांनी, म्हणजे मार्चअखेरीस, वासरं पडू लागतात. पहिलारू गायींवर रात्री दर दोन-तीन तासांनी नजर ठेवावी लागते, आणि नायक-नायिकेला गोठ्यात एकत्र आणायला हे कारण पुरेसं खरं आहे. पुढचे दोन खूर आणि त्यांवर नाक दिसलं तर वासरू सरळ आहे. ओढून काढावं लागलं तर साखळीचा एक फास खुरावरच्या सांध्याच्या वर, दुसरा खाली. कळ आली की ओढायचं, थांबली की थांबायचं, आणि वासराचे खांदे सुटले की ओढ खाली घ्यायची. खुरांचे तळवे वर असतील तर बहुधा मागचे पाय आधी आलेत. नाळ दबून वासरू गुदमरू शकतं, मग घाई करावीच लागते. कमकुवत पुस्तकात नायक येतो, हिसका देतो आणि वासरू उभं. देवणी किंवा लाल कंधारी गाय विताना पाहिलेला माणूस तिथंच पुस्तक मिटेल.

विकत घेताना एक लक्षात ठेवा: हार्लेक्विनसारख्या प्रकाशनांच्या पुस्तकांच्या कण्यावर छापलेला आकडा त्यांच्या मालेचा असतो, भावंडांचा क्रम त्यावरून कळत नाही. क्रम आतल्या पानांवरच्या यादीत शोधा. ई-बुकचा संच बऱ्याचदा पहिल्या तीन भागांचा असतो आणि जमिनीचा निकाल शेवटच्या भागात लागतो, तेव्हा तो भाग वेगळा मिळतो का हे आधीच बघा. नमुना प्रकरणं फुकट वाचता येतात. त्यांत कर्ज, कुरण, पाणी यांपैकी एकाचाही उल्लेख नसेल तर पैसे घालवू नका. आणि शेवटी श्रीमंत जावई येऊन बँकेचं कर्ज फेडतो अशी मालिका खुशाल सोडा, मग पहिले भाग कितीही गोड असोत.