दंडावरचा ग्लुकोज सेन्सर: काही महिन्यांच्या वापरानंतर

रात्रीचे इन्सुलिन सुरू झाल्यापासून मी दंडावर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर वापरतो आहे. माझ्या मते त्याचा खरा उपयोग मोबाइलवर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा दिवसभराच्या आलेखात आहे. त्वचेखाली सुमारे ५ मिलिमीटर जाणारी त्याची बारीक, लवचीक तार रक्तातली नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजते. रक्तातला बदल तिथे काही मिनिटे उशिरा पोहोचतो, त्यामुळे जेवणानंतर साखर वेगाने चढत असताना बोट टोचून रक्त तपासणाऱ्या ग्लुकोमीटरचा आकडा वेगळा येतो. तो यंत्राचा दोष समजू नये.

साबुदाण्याच्या खिचडीने साखर वाढते हे ठाऊक होतेच, पण दाण्याचे कूट आणि तूप यांमुळे पचन लांबून ती कित्येक तास उतरत नाही, हे जेवणानंतर एकदाच बोट टोचून कळले नसते. ज्वारीच्या भाकरीवरचा घरातला विश्वासही जरा डळमळला, कारण दुसरी भाकरी घेतली की आलेख पोळीइतकाच चढतो. भात मात्र सोडावा लागला नाही: आधी उसळ आणि कोशिंबीर, शेवटी बेताचा भात आणि नंतर थोडे चालणे, एवढ्यावर साखर बहुधा १८०च्या आत राहते.

सर्वांत मोठा लाभ पहाटेच्या नोंदींचा झाला. रात्रीचे जेवण हलके असूनही उपाशीपोटीची शुगर जास्त येत असे. झोपेत साखर फार उतरून मग उसळी घेते की पहाटेच्या संप्रेरकांमुळे यकृतच साखर सोडते, यावर डोस कमी करायचा की वाढवायचा हे अवलंबून होते. आलेखात रात्री उतार नव्हता, चार वाजल्यानंतरचा चढ तेवढा होता, आणि तो पाहूनच डॉक्टरांनी डोस ठरवला.

सेन्सरच्या कुशीवर झोपले की दाबामुळे आकडा खोटा खाली जातो आणि अलार्म सगळ्या घराला उठवतो. अशा वेळी बोट टोचून खात्री करावीच लागते. पहिल्या दिवशीचे आकडेही भरवशाचे नसतात. उन्हाळ्यात घामाने पट्टीच्या कडा सुटतात, वर दुसरी पट्टी लावली तर खाज येते. एक सेन्सर १४ दिवस चालतो, म्हणजे महिन्याला दोन, आणि हा खर्च पेन्शनीत कायमचा बसणारा नाही. म्हणून डॉक्टरांच्या संमतीने आता औषध किंवा डोस बदलला की तो लावतो आणि एरवी ग्लुकोमीटरवर भागवतो.