वस्तीवरची जिल्हा परिषद शाळा: शिकवण्याला चार तारे, इमारतीला दोन

बालाघाटाच्या डोंगरातली आमची पहिली ते चौथीची शाळा. खोल्या दोन, शिक्षकही दोन. बाई पहिली-दुसरी घेतात, सर तिसरी-चौथी. केंद्राची (आसपासच्या शाळांच्या गटाची) बैठक निघाली की चारही वर्ग एकाच्याच गळ्यात. त्या दिवशी अभ्यास होतो असं मी म्हणणार नाही.

एरवी शिकवणं चोख. माझी मुलगी तिसरीत आहे, गोष्टीचं पुस्तक न अडखळता वाचते. जावेचा मुलगा दोन हंगाम आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला होता. चौथीत आला तरी जोडाक्षरापाशी थांबायचा. यंदा हंगामी वसतिगृह मंजूर झालं म्हणून तो माझ्याजवळ राहिला. (नावाला वसतिगृह. पोरं घरीच असतात, आजीजवळ नाहीतर चुलतीजवळ. जेवणाची सोय होते.) टोळ्या गेल्यावर बाईंनी त्याला रोज परिपाठाआधी वाचायला बसवलं. आता सरळ उतारा वाचतो. हातच्याची वजाबाकी अजून चुकते.

पैशाचं विचाराल तर मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, हिशेब तोंडपाठ आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळणारं संयुक्त अनुदान पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर ठरतं. ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, ३१ झाली की २५,०००. आमचा पट २८. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी फाट्यावर यायला लागली, त्यात तीन पोरं गेली आणि शाळेचे १५,००० बुडाले. पत्रे मात्र २८ पोरांवरही तेवढेच गळतात. वरून त्या दहा हजारांतले निदान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्यात खडू, रजिस्टरं, वीजबिल, नळाची तोटी. टीव्ही आम्ही लोकवर्गणीतून घेतलाय. बिल थकलं की तो नुसता शोभेला. ज्या शाळेत पोरं गरिबांची, तिलाच पट कमी म्हणून कमी पैसे, हा नियम मला कुणी नीट समजावून सांगितलेला नाही.

खिचडी चांगली असते. मुलींसाठी संडास आहे, पाणी बादलीनं न्यावं लागतं.

एवढं असूनही पोर इथेच घाला म्हणेन, निदान बाईंची बदली होईपर्यंत. घालायचं तर ३० सप्टेंबरच्या आत घाला, पट त्या तारखेचा धरतात. आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळतंय का ते आधी बघून घ्या, नाहीतर पोर वर्गात बसतं आणि पटात मोजलं जात नाही.