समजावून सांगणारं चित्रपुस्तक की गोष्टीचं?

वर्गात श्रवणयंत्र लावणारं मूल येणार असेल, तर आधी अपंगत्व म्हणजे काय ते समजावून सांगणारं चित्रपुस्तक घ्या. यंत्र आवाज मोठा करतं, पण गोंगाटात शब्द वेगळे काढणं तरीही अवघड जातं; म्हणून बोलताना समोर यावं, तोंड झाकू नये, एवढं चार-पाच वर्षांच्या मुलांना नीट कळतं. एका बैठकीत दोन-तीनच पानं वाचा. 'दुखतं का?', 'मलाही होईल का?' असं मुलं मध्येच विचारतात. त्यांना गप्प करू नका, सरळ उत्तर द्या. अडचण एकच, पण मोठी: अशीच पुस्तकं एकामागून एक वाचली, तर मुलांच्या लेखी मित्र म्हणजे त्याचं यंत्र, एवढंच उरतं.

ही कसर गोष्टीचं पुस्तक भरून काढतं. त्यात चाकाच्या खुर्चीतली मुलगी चेंडू हरवते, भांडते, थापाही मारते. खुर्चीबद्दल कुणी भाषण देत नाही. चित्रं मात्र निरखून बघा. स्वतः चालवायच्या खुर्चीच्या मोठ्या चाकांना बाहेरून हाताने ढकलायचं कडं असतं. ते चित्रात नसेल आणि प्रत्येक पानावर मागून कुणीतरी ढकलत असेल, तर चित्रकाराने खुर्ची नीट पाहिलेलीच नाही. शेवटी मुलगी 'बरी' होत असेल, किंवा पराक्रम गाजवल्यावरच तिला खेळात घेत असतील, तर ते पुस्तक सरळ बाजूला ठेवा.

तीन वर्षांखालच्यांना गोष्टच द्या. मोठ्यांना दोन्ही, पण माहितीच्या एका पुस्तकामागे तीन-चार गोष्टी तरी हव्यातच.