चादरीचं पान पैकीच्या पैकी, टॉवेलचं पान नापास

सोलापुरातल्या एका चादर-टॉवेल विक्रेत्याची ही नवी वेबसाइट. नाव देत नाही, कारण याच चुका शहरातल्या इतर साइटवरही सापडतील.

आधी चांगलं. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी बघण्यासारखी असते, उलट बाजूला तीच नक्षी रंग बदलून उमटते. दुकानात गिऱ्हाईक आधी कोपरा उलटून बघतं. साइटवर नेमकं तेच केलंय: पहिला फोटो पूर्ण उलगडलेल्या चादरीचा, दुसरा उलटलेल्या कोपऱ्याचा, तिसरा विणीचा अगदी जवळून. खाली माप, वजन, धुण्याची सूचना, एवढंच. खरेदीचं बटण किमतीला लागून. इथे एक शब्दही जास्त नाही. फक्त भौगोलिक मानांकनाचा उल्लेख तळाशी बारीक लोगोत दडलाय. तो चादरीच्या नावाखाली एका वाक्यात हवा होता.

टॉवेलच्या पानावर मात्र सगळं उलटं. फुगवून घडी घातलेला टॉवेल ३५० जीएसएमचा (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) असो की ५५० चा, फोटोत सारखाच दिसतो. म्हणजे पटवून द्यायचं काम इथे मजकुराचं. पण मजकूर काय? ‘मऊ, मुलायम, दर्जेदार, परंपरेचा वारसा.’ असली विशेषणं कुठल्याही टॉवेलला चिकटवा, फरक पडत नाही. त्याऐवजी ‘७५ × १५० सेंमी, ४५० जीएसएम, वजन सुमारे ५०० ग्रॅम’ एवढी एक ओळ पुरे. नुसतं जीएसएम लिहून भागत नाही, ग्रॅम सगळ्यांना कळतात. हिशेब सोपा आहे: ०.७५ × १.५ × ४५० = ५०६. शिवाय पहिल्या दोन-तीन धुण्यांत तंतू सुटतात आणि फॅब्रिक सॉफ्टनरने टॉवेल पाणी कमी शोषतो, हे आधीच लिहिलं की तक्रारीही कमी येतात.

मुखपृष्ठावर एकामागून एक सरकणाऱ्या पाच फोटोंचा स्लायडर आहे, आणि ‘थेट कारखान्यातून’ ही ओळ फोटोतच छापलेली. १९२० पिक्सेल रुंद बॅनरवरचं ४० पिक्सेलचं अक्षर ३६० रुंदीच्या मोबाइलवर साडेसात पिक्सेलचं होतं. वाचणार कोण? अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही ते वाचता येत नाही. फोटो कोरा ठेवून ओळ एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या खऱ्या मजकुरात, टाकावी, तिच्यामागे गडद पट्टी द्यावी, अक्षर आणि पट्टी यांच्यातला उजेडाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५:१ ठेवावा. चादरीची नक्षी आधीच गजबजलेली. तिच्यावर थेट अक्षरं टाकली की नक्षीही जाते आणि अक्षरंही.

स्लायडरमधला पहिला फोटो जवळजवळ ४ एमबीचा आहे, वर त्याला लेझी लोडिंग (फोटो गरज पडेल तेव्हाच उतरवणं) लावलंय. लेझी लोडिंग खालच्या फोटोंसाठी असतं. पहिल्याला लावलं तर तोच उशिरा येतो. गुगलच्या निकषाप्रमाणे पानावरचा सर्वात मोठा घटक अडीच सेकंदांत दिसायला हवा. मोबाइलसाठी १०८० पिक्सेलची वेबपी (हलक्या फाइलचा फोटो-प्रकार) प्रत वेगळी द्यावी.

मराठी अक्षरांची तर दैनाच. इंग्रजी थीममधलं दोन पिक्सेलचं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) तसंच राहिल्याने शिरोरेषा तुटक दिसते. ओळींची उंची अक्षराच्या १.२ पट ठेवल्याने वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. स्पेसिंग शून्य आणि उंची १.६ करणं पाच मिनिटांचं काम.

आणि तो हिरवा व्हॉट्सॲपचा गोल: मोबाइलवर तो बरोबर किमतीवर येऊन बसतो.