कोर्टात पुरसिसवर, म्हणजे कोर्टाला द्यायच्या लेखी निवेदनावर सही करताय? आधी हे वाचा

गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलेल्या कॉन्ट्रॅक्टरवर मी दावा लावलाय, गळती होती तशीच आणि पैसे मात्र बरेचसे घेऊन झालेले. त्या दाव्यात त्याने जे केलं ते दुसऱ्या कोणाबरोबर होऊ नये म्हणून लिहितोय, बाहेर लोक फसवतात हे सगळ्यांना माहितीये, भर कोर्टात फसवतात हे कोणी सांगत नाही.

त्याच्या अ‍ॅग्रीमेंटमध्येच एक खुबीची अट होती, काम संपल्यावर सात दिवसात लेखी तक्रार नाही आली तर काम मान्य समजलं जाईल. आता पाऊस पडल्याशिवाय गळती दिसणार कशी? शिवाय पेमेंट लेट झालं तर अमुक इतका दंड. दंडाच्या अटीला लोक उगाच घाबरतात, करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे तो आकडा म्हणजे फक्त वरची मर्यादा, कोर्ट त्याच्या आत जे वाजवी वाटेल तेवढंच देतं. म्हणजे अ‍ॅग्रीमेंटमधल्या अटीवर निदान भांडता तरी येतं. पण कोर्टापुढे एखादी गोष्ट लेखी मान्य केली की खेळ वेगळा होतो, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं.

त्याच्या वकिलाने सुचवलं, ज्यावर वादच नाही त्या गोष्टींची संयुक्त पुरसिस देऊ, तेवढे साक्षीदार वाचतील. यात गैर काही नाही, प्रामाणिकपणे केलं तर खरंच वेळ वाचतो. ड्राफ्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला, आमच्या वकिलांनी वाचून ओके केला. त्यात तिसरा मुद्दा होता, ‘वादीस अंतिम बिल मिळाले, ही बाब उभय पक्षांस मान्य आहे.’ तारखेला पुकारा व्हायच्या वेळी त्यांचा ज्युनिअर प्रिंट घेऊन पळत आला, तोच ड्राफ्ट आहे सर, फक्त टायटल नीट केलंय, लवकर करा आता आपलाच नंबर आहे. सह्या झाल्या, पुरसिस दाखल झाली, निशाणी म्हणजे कोर्टाचा कागद-नंबर पडला. आणि त्या प्रिंटमध्ये तिसरा मुद्दा काय, तर ‘काम करारानुसार पूर्ण झाले व अंतिम बिल उभय पक्षांस मान्य आहे.’ बाकी अक्षर न अक्षर तेच, ओळींची संख्यासुद्धा तेवढीच, वरवर बघणाऱ्याला कळूच नये अशी सफाई.

पुढच्याच तारखेला त्यांचा अर्ज हजर. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 12 नियम 6 आहे, समोरच्याने जे मान्य केलंय त्यावरच निकाल द्या असं मागता येतं, तर त्याने बाकी बिलाचा जो प्रतिदावा लावला होता तो असाच मंजूर करा म्हणे. आणि मान्य केलेली गोष्ट पुराव्याने शाबीत करावी लागत नाही, जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 58 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 53. माझ्याकडे ओल आलेल्या भिंतींचे फोटो, व्हिडिओ, इंजिनिअरचा रिपोर्ट सगळं आहे पण ते त्या एका ओळीपुढे अडकलं.

सुदैवाने त्याच कलमात पुढे असंही आहे की मान्य केलेल्या गोष्टीचाही वेगळा पुरावा कोर्ट मागू शकतं, आणि नियम 6 खाली निकाल दिलाच पाहिजे असंही नाही. आम्ही तोच धागा धरून अर्ज दिलाय, सोबत व्हॉट्सअ‍ॅपवरचा ड्राफ्ट, साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागतं ते सर्टिफिकेट जोडून. चॅट डिलीट केला असता तर बोंबला.

तुमच्यावर वेळ आली तर प्रिंट आपल्याच वकिलाच्या ऑफिसातून काढा, नाहीतर पुढची तारीख मागून घ्या पण कोर्टाच्या दारात उभं राहून सही नको.

मध्येच त्यांच्याकडून तडजोडीचा निरोप आला होता, थोडं तुम्ही सोडा थोडं आम्ही. ती तर याहून डेंजर, संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या अंतिम निकालावर, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96(3) मुळे अपील नाही आणि तो रद्द करायला वेगळा दावाही लावता येत नाही, त्यामुळे यांच्या हातचा कागद आता नकोच म्हणून सांगितलं.

ज्युनिअर आता म्हणतो चुकून दुसरी फाइल प्रिंट झाली. ठीक आहे, मग दुरुस्तीची पुरसिस द्या म्हटलं, तर त्याला मात्र तयार नाहीत.