आठ एलिमेंटच्या भावात सात : जुन्या लेन्सच्या खरेदीत झालेली फसवणूक

आतला आरसा काढून टाकलेले मिररलेस कॅमेरे आले आणि अडगळीत पडलेल्या मॅन्युअल लेन्सना पुन्हा भाव आला. एम४२ या स्क्रू माउंटच्या लेन्सला तिच्या बुडापासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं. सोनीच्या ई माउंटवर हेच अंतर १८ मिलिमीटर असतं. मधल्या साडेसत्तावीस मिलिमीटरच्या जागेत धातूची एक पोकळ नळी, म्हणजे ॲडाप्टर, बसवला की साठ वर्षांपूर्वीची लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर चालायला लागते. ऑटोफोकस नाही, पण फोकस पीकिंग आहे, म्हणजे शार्प कडा स्क्रीनवर रंगाने उठून दिसतात, स्क्रीनवर चित्र मोठं करून बघता येतं. ज्यांना हा नाद लागलाय त्यांना जास्त सांगायला नको.

पण हाच शहाणा कॅमेरा लेन्सचे दोष झाकायलाही तितकाच तत्पर असतो, आणि विकणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक असतं. मला हे एकोणीस हजार रुपयांना कळलं. तक्रार अजून चालू आहे म्हणून विकणाऱ्याचं नाव-गाव लिहीत नाही, पण त्याची पद्धत सविस्तर लिहितो, कारण तीच पद्धत उद्या दुसऱ्या नावाने तुमच्यासमोर येणार आहे.

लेन्स होती सुपर-ताकुमार ५० एमएम एफ/१.४. जपानच्या असाही कंपनीने, म्हणजे पेंटॅक्सवाल्यांनी, ती १९६४ मध्ये आणली तेव्हा तिच्यात आठ काचा, म्हणजे एलिमेंट, होत्या. लवकरच रचना बदलून सात काचांची लेन्स आली, आणि सातवाली भरपूर बनली, आठवाली कमी. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. नाव तेच, रिंगा त्याच, ऑटो-मॅन्युअलचा खटका तोच. फरक ओळखायच्या खुणा मोजक्या : इन्फ्रारेडसाठीची लाल खूण आठवालीत बाजूच्या पट्टीवरच्या ४ या आकड्याच्या उजवीकडे असते, सातवालीत डावीकडे. आठवालीची मागची काच जास्त बाहेर आलेली असते. आणि सातवालीत थोरियम मिसळलेली काच आहे, ती वर्षानुवर्षं कपाटात पडून पिवळी पडते. आठवालीत थोरियम नाही, त्यामुळे ती तशी पिवळी पडत नाही. (थोरियम म्हटलं की व्हॉट्सॲपवर लगेच किरणोत्साराची भीती पसरवतात. कॅमेऱ्याला लावून फोटो काढण्याने काही होत नाही. काच घासत बसू नका आणि लेन्स उशाशी घेऊन झोपू नका, एवढं पुरे.)

एका खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर जाहिरात आली : "सुपर ताकुमार, एट एलिमेंट, एकदम क्लीन, आजोबांची." आजोबा या धंद्यात फार उपयोगी पडतात. मी मेसेज केला, तासाभरात फोन आला. गोड बोलणारा माणूस. वाक्यागणिक "दादा". कंपनीने ही लेन्स तोट्यात विकली होती ही दंतकथाही त्याने मला ऐकवली, जणू त्या तोट्यातला वाटा आता मला उचलायचा होता.

मी खुणांचे फोटो मागितले. त्याने तीन पाठवले. एकात समोरची नावाची रिंग, सिरियल नंबर स्वच्छ वाचता येईल असा. दुसऱ्यात बाजूची पट्टी, त्यात लाल खूण चारच्या उजवीकडे, जिथे हवी तिथेच. तिसऱ्यात मागची काच, छान फुगीर. शिवाय लेन्सने काढलेले नमुने : एका मुलीचा चेहरा, खिडकीतली कुंडी, पावसातला रस्ता. बहुतेक सगळे ब्लॅक अँड व्हाइट. विचारलं तर म्हणाला, "दादा, जुन्या लेन्सचा मूड ब्लॅक अँड व्हाइटमध्येच खुलतो." कॅश ऑन डिलिव्हरी नको म्हणाला, कारण कुरियरवाले उघडून बघतात आणि काच फुटते. अर्धे पैसे आधी, अर्धे पावती पाठवल्यावर. पैसे यूपीआयने गेले. पावती खरी होती, खोकंही वेळेवर आलं. हा रिकामं खोकं पाठवणारा भुरटा नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त धोकादायक आहे.

खोक्यातून निघालेल्या लेन्सवर सिरियल नंबर तोच होता. लाल खूण मात्र चारच्या डावीकडे. मागची काच सपाटीला. पांढऱ्या कागदावर उभी धरून वरून बघितलं तर कागद कोऱ्या चहासारखा दिसला. फुल अपर्चरला, म्हणजे प्रकाश आत सोडणारी पाती पूर्ण उघडून, समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी काही केल्या शार्प येईना. फोकसची रिंग अनंताच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या, खुणेला जाऊन टेकते, आणि टाकी आपली मऊच.

फोन लावला. त्याने लगेच उचलला, हे सांगायलाच हवं. पिवळेपणा? "जुनं कोटिंग आहे दादा, वॉर्म टोन येतो, लोक त्यासाठी जास्त पैसे देतात." लाल खूण? "मधल्या काळात कंपनीने मिक्स बॉडी वापरल्या होत्या." आणि अनंताचा फोकस? तिथे त्याचा आवाजच बदलला, एकदम डॉक्टरी झाला. "ॲडाप्टर कुठला घेतलाय? चिनी? मग तेच. ॲडाप्टर बदला."

या ॲडाप्टरच्या सबबीवर थोडं थांबायला हवं, कारण मॅन्युअल लेन्सच्या बाजारात निम्म्या तक्रारी तिथेच गाडल्या जातात. ॲडाप्टर ठरल्यापेक्षा केसभर जाड असेल तर लेन्स सेन्सरपासून लांब राहते आणि लांबचं कधीच शार्प येत नाही, हे खरं आहे. म्हणून तर स्वस्त ॲडाप्टर बनवणारे तो मुद्दाम किंचित आखूड ठेवतात. मग लेन्स अनंताच्या खुणेच्या आधीच लांबचं शार्प दाखवते आणि खुणेवर गेली की थोडी पुढे निघून जाते. गिऱ्हाइकाची तक्रार येत नाही. माझ्याकडे त्याच ॲडाप्टरवर हेलिओस ४४-२ ही दुसरी जुनी लेन्स वर्षानुवर्षं चालत होती आणि तीसुद्धा अशीच खुणेवर गेली की अनंताच्या जरा पुढे जायची. त्याच नळीवर एक लेन्स अनंताच्या पलीकडे जाते आणि दुसरी तिथवर पोचतच नाही, तर दोष नळीचा कसा असेल? हे त्याला सांगितल्यावर पलीकडून पहिल्यांदाच "दादा" आलं नाही. त्यानंतर फोनही उचलला गेला नाही.

लेन्स घेऊन फोर्टला गेलो. तिथे जुने कॅमेरे दुरुस्त करणारी मोजकी माणसं उरलीत, त्यातल्या एका काकांकडे. त्यांनी काही विचारलं नाही. लेन्सचं अपर्चर पूर्ण उघडलं, मोबाइलचा टॉर्च मागून लावला आणि लेन्स डोळ्यासमोर तिरकी धरून सावकाश फिरवली. मग माझ्या हातात दिली. सरळ बघितलं तर काच स्वच्छ. तिरकी केल्यावर आत धुरकट पडदा दिसला आणि एका कडेला पुसट जाळं : फंगस साफ केल्यावर कोटिंगवर राहतो तो डाग. मग त्यांनी भिंग देऊन मागच्या बाजूची धातूची रिंग दाखवली. अशा रिंगेला दोन छोट्या खाचा असतात, त्यात स्पॅनर घालून ती सोडवतात. दोन्ही खाचांच्या कडेने काळा रंग उडून आतलं पितळ चमकत होतं. स्पॅनर घसरल्याशिवाय असं होत नाही.

"ही उघडलीय," काका म्हणाले, "आणि ज्याने उघडली त्याला परत लावता आली नाही."

फोकसची रिंग फिरवली की लेन्स ज्या आट्यांवर पुढे-मागे होते त्याला हेलिकॉइड म्हणतात. त्याला एकच सुरुवात नसते, बऱ्याच असतात. सोडवताना खूण केली नाही आणि परत जोडताना चुकीच्या आट्यात घातलं, तर रिंग तशीच गुळगुळीत फिरते, आकडे तसेच दिसतात, फक्त अनंत हरवतं. काकांनी ते दुरुस्त करून दिलं. डाग जाणार नाही म्हणाले, आणि पैसे घेताना किती दिले होते ते विचारून मान हलवली.

राहिला प्रश्न फोटोंचा. मी मागितलेली प्रत्येक खूण फोटोत होती, मग? उत्तर इतकं सोपं होतं की चीड आली. या लेन्सचा सिरियल नंबर फक्त समोरच्या नावाच्या रिंगवर असतो. बाजूच्या आणि मागच्या फोटोत तो येऊच शकत नाही. म्हणजे समोरचा फोटो मला पाठवायच्या लेन्सचा, बाकीचे दोन कुठल्या तरी खऱ्या आठवालीचे. तीन फोटो, दोन लेन्स. वर काकांनी आणखी एक सांगितलं : ती नावाची रिंगसुद्धा आट्यांवरच बसते, रबराचा गोल बूच दाबून फिरवला की हातात येते. कुठलं नाव कुठल्या लेन्सवर चढेल ते सांगता येत नाही. म्हणून नंबर जुळला यात समाधान मानण्यासारखं काही नाही.

नमुन्याच्या फोटोंचंही तसंच. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये पिवळेपणा दिसणार कुठून? रंगीत काढले तरी ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग आपोआप जुळवणारी कॅमेऱ्याची सोय, तो खाऊन टाकते. पिवळी काच प्रकाशही खाते, पण कॅमेरा आपणहून आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. फिल्मच्या जमान्यात स्लाइड धुऊन आली की सगळी लबाडी उघडी पडायची. आता कॅमेराच विकणाऱ्याच्या बाजूने साक्ष देतो.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला, ऑनलाइन तक्रार नोंदवली, मग पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वस्तू मिळाली?"

"मिळाली, पण ती नाही."

"लेन्सच सांगितली होती ना? लेन्सच आली ना?"

आठ आणि सात काचांचा फरक मी टेबलावर समजावून सांगितला. ते म्हणाले, "एक काच कमी, म्हणजे आठवा हिस्सा. तेवढे पैसे परत माग." बाजूचा हवालदार हसला, मीही हसलो. पण अर्ज घेतला त्यांनी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक येते, आणि एक वस्तू दाखवून दुसरी देणं ही फसवणूकच आहे, हे लेखी मांडल्यावर सूर बदलला. बँकेकडून काही होणार नव्हतं, पैसे मी स्वतःच्या पिनने पाठवले होते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही विचारलं, पण हा माणूस दुकानदार म्हणून नाही, घरातली वस्तू विकणारा नातू म्हणून उभा आहे, तिथे गाडं अडतं.

या निमित्ताने ओळखीतल्या नादिष्टांशी बोललो तर प्रत्येकाकडे एक किस्सा निघाला. एकाला लायकाची एल्मार म्हणून रशियन इंडस्टार-२२ मिळाली होती, वरचं नाव नव्याने कोरलेलं. त्याची खूण मजेशीर आहे. खऱ्या ५० एमएम एल्मारमध्ये अपर्चरची पाती पहिल्या काचेच्या लगेच मागे असतात, इंडस्टारमध्ये ती आणखी एक काच ओलांडून आत असतात. नाव कोरता येतं, पाती हलवता येत नाहीत. झाइसच्या सोनार लेन्सचंही तेच, आतून सोव्हिएत जुपिटर निघते. जपानहून मागवणाऱ्यांची रड वेगळी. वर ठळक अक्षरांत "मिंट", म्हणजे नव्यासारखी, आणि पार खाली बारीक अक्षरांत "किंचित फंगस". त्याला फसवणूक म्हणता येत नाही, कारण लिहिलेलं असतं. कस्टम ड्यूटी भरून झाल्यावर ते वाचलं जातं, इतकंच.

आता मी कुणालाही फोटो मागायला सांगत नाही, व्हिडिओ कॉल मागायला सांगतो. न तोडता, समोरच्या नंबरपासून सुरू करून लेन्स बाजूने फिरवत मागच्या काचेपर्यंत. मग अपर्चर उघडं ठेवून मागून टॉर्च, आणि लेन्स तिरकी. त्याच्याकडे कॅमेरा असेल तर व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवून पांढऱ्या कागदाचा एक फोटो या लेन्सने आणि एक कुठल्याही नव्या लेन्सने. लांबच्या टॉवरचा एक फोटो, फुल अपर्चरला, रिंग अनंताला टेकवून. यातल्या एकालाही "नेटवर्क नाही", "लाइट नाही", "ॲडाप्टर मित्राकडे आहे" असं उत्तर आलं तर मी बोलणं तिथेच संपवतो. खरा विकणारा कंटाळेल, कुरकुरेल, पण दाखवेल.

माझ्या लेन्सचा पिवळेपणा बराच उतरला. मागून चांदीचा कागद लावून उन्हात ठेवली, अतिनील किरणांनी थोरियमची काच हळूहळू निवळते. सातवाली म्हणून ती वाईट लेन्स नाहीच. सातवालीच्या भावात मिळाली असती तर हे सगळं लिहिलंही नसतं.

त्या मागच्या काचेचा फोटो मात्र लक्षात ठेवा, कारण तो मला पुन्हा दिसलाय, वेगळ्या नावाच्या जाहिरातीत, वेगळ्या शहरातून. हिरव्या चेक्सच्या टेबलक्लॉथवर लेन्स उलटी ठेवलेली आहे. अपर्चरच्या पिनेजवळ काळा रंग तांदळाच्या दाण्याएवढा उडालेला आहे आणि डाव्या कोपऱ्यात स्टीलच्या पेल्याची कड दिसते. या वेळी आजोबांच्या जागी मामा आहेत, आणि किंमत एकवीस हजार.